पुंगळी आणि चाळण

धान्य स्वच्छ करण्याच्या कामाला मराठीत एक क्रियापद नाही, अर्धा डझन आहेत. वाऱ्याच्या झोतात धान्याची धार धरून भूस उडवून लावायचे ते उफणणे. सुपात वर उडवून कोंडा पुढे काढायचा ते पाखडणे. सूप तिरके करून गोल दाणा एकीकडे घरंगळू द्यायचा आणि चपटा, ओबडधोबड जिन्नस मागे ठेवायचा ते घोळणे. छिद्रांतून बारीक खाली पाडायचे ते चाळणे. पाण्यात हलवून जड खडा तळाशी बसवायचा ते रोवळणे. आणि एवढे सारे करूनही जे हटत नाही ते बोटांनी वेचायचे, ते निवडणे. प्रत्येक क्रियापदामागे एक भौतिक तत्त्व आहे: वजन, आकार, आकारमान, पाण्यातील जडपणा. ज्यांनी ही क्रियापदे घडवली त्यांनी पदार्थविज्ञान शिकले नव्हते, परंतु कोणती वस्तू कोणत्या वस्तूपासून कशामुळे सुटते हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव सप्टेंबर २०२३ पासून साऱ्या महाराष्ट्राला परिचित झाले ते आरक्षणाच्या आंदोलनामुळे आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारामुळे. त्यापूर्वी ते गोदाकाठच्या मुलखातील इतर गावांसारखेच एक शेतकरी गाव होते, आणि अशा गावांत ही सारी क्रियापदे दरवर्षी मळणीच्या हंगामात उच्चारली जात. आता मळणीयंत्र आले. पंखा, झारा आणि चाळण्या त्याच्या पोटात गेल्या, आणि शब्द हळूहळू आजीच्या पिढीपुरते उरत चालले. आम्हांस मात्र या शब्दांची गरज एका अगदी वेगळ्या वस्तूसाठी पडली. ती वस्तू म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी.

काडतूस हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. ज्या काळात तो घेतला त्या काळात काडतूस ही कागदाची वस्तू होती. ठरावीक मापाची दारू आणि शिशाची गोळी कागदात गुंडाळलेली. शिपायाने ती दातांनी फाडायची, थोडी दारू रंजकासाठी ठेवायची, उरलेली नळीत ओतायची, आणि गोळी व कागद गजाने ठासायचे. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस असईच्या माळावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा भिडल्या तेव्हा दोन्हीकडच्या शिस्तबद्ध पलटणी अशीच काडतुसे फाडीत होत्या. त्या लढाईचा मागे राहणारा अवशेष म्हणजे शिसे आणि लोखंड. काडतुसाचा अवशेष नाही, कारण ते जळून जात असे. मागे राहण्यासारखे, उचलून ठेवण्यासारखे, पुन्हा भरण्यासारखे त्यात काही नव्हते.

पुंगळीला इतिहास लाभतो तो १८६६ च्या सुमारास. त्या एका वर्षात दोन माणसांनी दोन प्रकारच्या टोप्यांचे हक्क नोंदवले. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत टोपीवर आघात होताच जिच्यावर ती चेपली जाते ती छोटी ऐरण टोपीच्याच आत बसवलेली असते, आणि पुंगळीच्या बुंध्याला मधोमध एकच कान असतो. (बंदुकीच्या ज्या छिद्रातून ठिणगी आत शिरते त्याला जुन्या मराठीत कान म्हणत, त्याहून चांगला शब्द आम्हांस सुचत नाही.) अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक कान असतो. इतिहासाचा विनोद असा की इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची टोपी इंग्लंडसह बहुतेक युरोपने व त्यामागून हिंदुस्थानने उचलली. हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु पुंगळी पुन्हा भरता येणे सोपे की अवघड हे त्यावर ठरले. एकच मधला कान असला की आतून एक सुई सरळ खाली दाबून वापरलेली टोपी बाहेर ढकलता येते. दोन आडबाजूचे कान असले की सुई ऐरणीवर आपटते. म्हणजे अमेरिकेतील शेतकऱ्याच्या हाती आली ती घरी भरता येणारी पुंगळी, आणि आपल्याकडे तयार होत राहिली ती एकदाच वापरायची.

आपल्याकडची पुंगळी तयार झाली खडकीला. ज्या खडकीजवळ ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेथेच १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. लढाई हरल्यानंतर अवघ्या बावन्न वर्षांत त्याच परिसरातील माणसे जेत्यांची काडतुसे घडवू लागली, यावर कोणी पोवाडा केला नाही. सुरुवातीच्या स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री बंदुकांची काडतुसे पितळी पत्र्याच्या गुंडाळीची असत. ती एकदा झाडली की लुळी पडत. पुढे पितळेच्या जाड चकतीपासून वाटी, वाटीपासून पेला, पेल्यापासून नळी अशी ओढून काढलेली अखंड पुंगळी आली. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. दर ओढीनंतर पितळ ताठर होते म्हणून ते तापवून मऊ करायचे, तापवल्याने काळे पडते म्हणून सौम्य आम्लात बुडवायचे, आम्ल धुऊन काढायचे, आणि मग वाळवायचे. हे वाळवण जगभरच्या काडतूस-कारखान्यांत फिरत्या पिंपात लाकडाच्या भुशाबरोबर होत असे. भुसा पाणी पिई आणि घासून झळाळीही देई. त्यानंतरचे काम भुसा आणि पुंगळ्या एकमेकांपासून सोडवण्याचे, म्हणजे शुद्ध खळ्यावरचे. फरक एवढाच की येथे भूस ठेवण्याजोगे नव्हते आणि दाणा पितळेचा होता.

खडकीच्या पुंगळ्यांच्या बुंध्यावर 'के एफ' ही अक्षरे ठोकलेली असत. तो कारखाना आजही चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीच्या छत्राखाली आहे. त्याचा एक भाऊ १९६४ पासून जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे.

अमेरिकेत मात्र पुंगळी घरात शिरली. यादवी युद्धानंतर पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतींना दुकान दूर आणि पितळ महाग होते. काडतुसाच्या चार घटकांपैकी टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात. चौथा आणि सर्वांत किमती घटक, पुंगळी, शिल्लक राहतो. तो फेकणे परवडणारे नव्हते. दूरच्या लष्करी ठाण्यांवरही सरावासाठी काडतुसे पुन्हा भरली जात. न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांच्या 'आयडियल' कंपनीने १८८४ पासून चिमट्यासारखी हत्यारे विकायला काढली आणि काडतूस भरणे हा पडवीतला उद्योग झाला. आज तेथे तो लाखो लोकांचा छंद आहे, आणि त्या छंदातील सर्वांत कंटाळवाणी पायरी आमच्या या लेखाचा विषय आहे.

झाडलेली पुंगळी आतून काजळलेली, बाहेरून मळलेली असते. तशीच पुन्हा साच्यात दाबली तर तिच्यावरचा कण साच्याला ओरखडा पाडतो, आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. म्हणून ती आधी घोळवावी लागते. कोरड्या पद्धतीत एका थरथरणाऱ्या भांड्यात पुंगळ्यांबरोबर मक्याच्या कणसाचा भरडा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालतात. दाणे काढून घेतल्यावर कणसाचा जो गाभा उरतो तो लाकडासारखा टणक असतो. दळून चाळला की त्याचे रव्याएवढे कण होतात. ते पितळेला ओरबाडत नाहीत, पण मळ आणि तेल शोषून घेतात. आमच्याकडे भोकरदन-सिल्लोडच्या पट्ट्यात मका काढला की हा गाभा चुलीत जातो. त्याचा हा दुसरा उपयोग तेथील शेतकऱ्याने ऐकला तर तो हसेल असे आम्हांस वाटते, आणि मग भाव विचारील.

काही तासांनी भांडे थांबते तेव्हा पुंगळ्या झळाळत असतात आणि प्रत्येकीच्या पोटात भरडा भरलेला असतो. अडचण येथून पुढे. नळी सरळ असेल तर उलटी केली की भरडा गळतो. परंतु रायफलीची पुंगळी बाटलीसारखी असते, पोट रुंद आणि मान अरुंद; तीत भरडा शिरतो सहज, निघतो कुरकुरत. साधी चाळण हलवून भागत नाही, कारण चाळणीवर पुंगळ्या आडव्या पडून राहतात आणि आडव्या बाटलीतून काही सांडत नाही. म्हणून जाळीचा पिंजरा करून तो आडव्या दांडीवर फिरवतात. पुंगळ्या एकमेकींवरून कोलांट्या घेतात, प्रत्येकीचे तोंड कधी ना कधी खाली येते, आणि भरडा जाळीतून खालच्या टोपल्यात पडतो. हे चाळणे नव्हे. हे घोळणे आणि चाळणे एकत्र आहे. सुपाच्या तिरक्या हिसक्याने बाई जे साधते ते या पिंजऱ्याच्या फिरण्याने साधते.

तरीही एखादा कण राहतोच. पुंगळीच्या बुंध्यातील कान सुमारे दोन मिलिमीटरचा. भरड्याचा कण त्यात नेमका अडकतो. कान बुजला तर टोपीची ठिणगी दारूपर्यंत पोचत नाही किंवा उशिरा पोचते, आणि उशिरा पेटणारे काडतूस हे न पेटणाऱ्याहून अधिक घातक, कारण तोवर माणूस बंदुकीची कडी उघडायला लागलेला असतो. म्हणून काही जण वापरलेली टोपी काढण्याआधीच पुंगळ्या घोळवतात, म्हणजे कान झाकलेला राहतो. मग टोपीची खळगी तेवढी मळकी राहते. दोन्हींपैकी एक पत्करावे लागते. शेवटी प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून आत डोकावावे लागते. म्हणजे यंत्राने उफणणे, घोळणे, चाळणे झाल्यावर पुन्हा निवडणे उरतेच, आणि ते डोळ्यांनीच करावे लागते.

ओली पद्धत अलीकडची. पाणी, भांडी घासायचा साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि गंजरोधी पोलादाच्या आखूड, बारीक काड्या. या काड्या कानातून आरपार जाऊन पुंगळीचे पोट आतून घासतात. लिंबूसत्त्वाचे काम आमच्या घरांतील चिंचेचेच. देवघरातील समई घासताना चिंच जे करते ते. अधिक वेळ आम्लात राहिली तर समईप्रमाणेच पुंगळीलाही तांबूस छटा येते. मात्र काड्या वेगळ्या करणे भरड्यापेक्षा कठीण. ओल्या काड्या पाण्याच्या ताणाने धातूला चिकटून बसतात; म्हणून पिंजरा पाण्यात बुडवूनच फिरवावा लागतो, अगदी रोवळीत तांदूळ धुवावेत तसा. गंजरोधी पोलाद तत्त्वतः चुंबकाला दाद देत नाही, पण तारेसारखे ओढून काढले की त्याला थोडी चुंबकता येते, आणि मग लोहचुंबकाने उरलेल्या काड्या वेचता येतात. लहान तोंडाच्या पुंगळीत दोन काड्या एकमेकींत अडकून मानेत आडव्या बसल्या तर त्या झटकून निघत नाहीत. त्या राहिल्या आणि वर गोळी बसली तर पुढचे वर्णन करायला नको.

धुळीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. टोपीतील स्फोटक मिश्रणात परंपरेने शिशाचे संयुग असते. ते जळून पुंगळीत बसते, तेथून भरड्यात येते आणि चाळताना हवेत उडते. म्हणून जाणते लोक पिंजऱ्यावर झाकण ठेवतात, उघड्यावर चाळतात, नंतर हात धुतात. खळ्यावर उफणताना तोंडाला फडके बांधायची जी रीत होती ती नाकात कुसळ जाऊ नये म्हणून होती. येथे ती अधिक गंभीर कारणासाठी आहे.

घासण्याच्या गोष्टीत हिंदुस्थानचा एक धडा जगाच्या उपयोगी पडला, तोही मोठा महाग. इंग्रजी फौजेला येथे असे आढळले की पावसाळा सरला की तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना उभे तडे गेलेले असतात. न झाडताच. ऋतूशी संबंध दिसला म्हणून त्याला नाव पडले 'सीझन क्रॅकिंग', आणि बराच काळ कारण कळले नाही. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा इंग्रज धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि ओढून काढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण. ही तीन एकत्र आली की पितळ आपोआप फाटते. उपाय सोपा निघाला: पुंगळी घडल्यावर बेताने तापवून तो ताण उतरवायचा. ज्या तबेल्यांत मोतद्दार आणि घोडे एकाच छपराखाली राहत, त्या छपराखालच्या हवेने आधुनिक धातुशास्त्राच्या एका प्रकरणाचा आरंभ केला. पितळ चमकवणाऱ्या अमोनियायुक्त पातळ पॉलिशने पुंगळ्या घासू नयेत असे अमेरिकेतील छांदिष्ट आज एकमेकांना बजावतात, त्या सल्ल्याचे मूळ या हिंदुस्थानी तबेल्यात आहे.

आता प्रश्न असा की हा पिंजरा आपल्याकडे का फिरत नाही. बर्डनची टोपी हे एक कारण, पण मुख्य कारण कायदा. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजेला शस्त्रासाठी परवान्याची अट घातली, आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ पासून अमलात आला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. काडतूस बनवायला परवाना लागतोच, आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे केवळ भरलेले काडतूस नव्हे, त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही आली. म्हणजे अमेरिकेत जी पुंगळी पडवीतल्या डब्यात पडून असते ती येथे प्रश्न उभा करू शकते. विमानतळावर पिशवीच्या कोपऱ्यात विसरलेले एखादे काडतूस सापडून गुन्हे नोंदले गेले, आणि जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी ते रद्दही केले. आम्ही या कायद्याच्या विरोधात नाही. परंतु त्याचा एक परिणाम नोंदवण्याजोगा आहे: येथे रिकामी पुंगळी ही वस्तू न राहता हिशोब झाली.

हा हिशोब आमच्या महाविद्यालयांतील छात्रसेनेच्या मुलांनाही ठाऊक असतो. नेमबाजीचा सराव संपला की गवतात वाकून पुंगळ्या शोधायच्या. झाडल्या तितक्या जमा झाल्याखेरीज सुटका नाही. मुलांना ते जाच वाटते. पण या मोजणीने इतिहासात एकदा फार मोठे काम केले आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या हुकमाने गोळीबार झाला. तेथे सोळाशे पन्नास फैरी झाडल्या गेल्या हा जो आकडा आपण शाळेपासून वाचतो, तो शिपायांनी जमा केलेल्या रिकाम्या पुंगळ्या मोजून आलेला आहे. मृतांचा आकडा सरकारने ३७९ दिला आणि तो तेव्हापासून वादग्रस्त आहे. पुंगळ्यांच्या आकड्यावर मात्र वाद झाला नाही. माणसे मोजणे अवघड होते, पितळ मोजणे सोपे होते, आणि ते मोजले गेले कारण ते सरकारी पितळ होते. कागदी काडतुसांच्या काळात असे काही घडले असते तर हा एवढा पुरावाही उरला नसता.

मोजून घेतलेले पितळ भंगारात जाते आणि वितळते. पण सारे पितळ मोजणीत येत नाही, आणि जे येत नाही त्याच्यापाशी गरीब माणूस पोचतो. मोठ्या तोफगोळ्यांच्या सरावाच्या मैदानांभोवतीच्या गावांत धातूचे तुकडे वेचून विकणे हा पिढीजात पोटाचा उद्योग आहे. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर न फुटलेल्या गोळ्यांनी असे वेचणारे दगावले आहेत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारानजीक सोनेगाव आबाजी येथे मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. दारूगोळा उतरवणे, खड्ड्यात रचणे हे त्यांचे काम. तो फुटल्यावर मातीतून तांबे, पितळ, लोखंड वेगळे काढून विकणे हीही त्या परिसरात रोजगाराची बाब होती.

अमेरिकेतल्या पडवीत निवडण्याचा अर्थ कणसाचा चुरा झटकून चकचकीत पुंगळी हाती घेणे असा आहे. तेथे चुकले तर नुकसान निवडणाऱ्याचे स्वतःचे, आणि सावधगिरीचे सारे नियमही त्यानेच लिहिलेले. सोनेगावच्या मैदानावर निवडणारा वेगळा आणि नियम लिहिणारा वेगळा. तेथे हाताला चाळण नव्हती, पिंजरा नव्हता, झाकण नव्हते. कोणता तुकडा मेलेला आणि कोणता जिवंत हे डोळ्यांनी ओळखायचे आणि बोटांनी वेचायचे, म्हणजे त्या सहा क्रियापदांपैकी फक्त शेवटचे त्यांच्या वाट्याला आले होते.

युद्धेतिहासाच्या आमच्या कपाटातील मराठी पुस्तकांत तोफा आहेत, घोडे आहेत, सेनापतींचे स्वभाव आहेत, तहांची कलमे आहेत. खडकीच्या कारखान्यात भुशातून पितळ सोडवणाऱ्या पहिल्या पिढीतील एकाही कामगाराचे नाव आम्हांस त्यांत सापडले नाही. त्यांच्यातील बरेच जण पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतून आले असणार आणि खळे त्यांनी पाहिलेले असणार. भुसा आणि पितळ वेगळे कसे करायचे हे त्यांना शिकवावे लागले नसेल.